रक्त पातळ करायची गोळी सारखी मधेच बंद पडतेय? आधी कारण शोधा

स्ट्रोक किंवा मिनी स्ट्रोक होऊन गेलाय, डॉक्टरांनी ॲस्पिरिन नाहीतर क्लोपिडोग्रेल लावलंय, सुरुवातीला घरातलं कोणीतरी रोज हातात गोळी आणून देतं म्हणून सगळं सुरळीत चालतं, आणि मग कधीतरी छातीत जळजळ होते किंवा दंडावर काळंनिळं दिसतं किंवा दाढ काढायची निघते आणि गोळी परस्पर बंद होते. आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी रागावतं म्हणून परत सुरू, महिन्याभरात परत बंद. मी स्ट्रोकच्या फॉलोअप ओपीडीत नर्स आहे आणि हे चालू-बंद इतक्या घरांत बघितलंय की एकदा सगळं सविस्तर लिहावं असं वाटलं. गोळी ज्या तक्रारीमुळे बंद पडते त्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीवर गोळी चालू ठेवून उपाय निघतो, फक्त तक्रार डॉक्टरांपर्यंत पोचायला हवी. आणि खरंच थांबवायची वेळ आली तर किती दिवस थांबवायची आणि परत कधी सुरू करायची हे दोन्ही त्यांच्याकडून लिहून घ्यायचं.

पुढचं वाचण्याआधी हे बघा

यातलं काही आत्ता होत असेल तर वाचत बसू नका, दवाखाना गाठा किंवा ॲम्ब्युलन्स बोलवा. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी होतेय. उलटीत रक्त आहे किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी पडतंय. डोक्याला मार लागलाय, मग वरून जखम दिसो वा न दिसो, माणूस नीट बोलत असला तरीही, कारण या गोळ्यांवर डोक्याच्या आतला रक्तस्राव हळूहळू वाढून काही तासांनी लक्षात येऊ शकतो. नीट दाबून धरूनही पंधरा-वीस मिनिटांत रक्त थांबत नाहीये. अचानक कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखायला लागलंय.

आणि अर्थातच स्ट्रोकची लक्षणं: तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा समजेनासं होणं, एकदम दिसेनासं होणं, तोल जाणं. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण चांगल्या हेतूने हे खूप जण करतात: लक्षणं दिसली की घरच्या घरी ॲस्पिरिनची जास्तीची गोळी तोंडात टाकतात, हार्ट अटॅकमध्ये देतात ना म्हणून. स्ट्रोकमध्ये असं करू नका. बहुतेक स्ट्रोक गुठळीने होतात हे खरं, पण साधारण दहातले एक-दोन रक्तवाहिनी फुटून होतात आणि बाहेरून बघून दोन्ही सारखेच दिसतात, सीटी स्कॅन केल्याशिवाय डॉक्टरांनाही सांगता येत नाही. वर अशा वेळी गिळणं बिघडलेलं असतं, गोळी आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ लक्षात ठेवा आणि निघा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, मोठी गुठळी नळीने काढायची वेळ काही पेशंटमध्ये 24 तासांपर्यंत असते पण तिथेही जितकं लवकर तितका मेंदू वाचतो. काही मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी जायचंच, मिनी स्ट्रोक अंगावर काढायची गोष्ट नाही, पुढच्या दोन-तीन दिवसांतच मोठ्या झटक्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

एक दिवस चुकणं वेगळं, आठवडा बंद ठेवणं वेगळं

रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात, जखम झाली की त्या एकमेकींना चिकटून भोक बुजवतात, पण रक्तवाहिनीच्या आत चरबीचा थर फुटला तर त्याच पेशी तिथेही चिकटतात आणि गुठळी होते, ती मेंदूत अडकली की स्ट्रोक. ॲस्पिरिन या पेशींमधलं एक एन्झाइम कायमचं बंद करतं. प्लेटलेटला केंद्रक नसतो त्यामुळे तिला नवीन एन्झाइम बनवता येत नाही, म्हणजे एकदा गोळीचा परिणाम झाला की ती पेशी मरेपर्यंत तशीच, आणि तिचं आयुष्य असतं 7 ते 10 दिवसांचं. रोज साधारण दहा टक्के पेशी नव्या येतात, त्यांच्यावर औषधाचा काहीच परिणाम झालेला नसतो, म्हणून रोजची गोळी. क्लोपिडोग्रेल वेगळ्या जागी काम करतं पण तेही पेशीच्या आयुष्यभरासाठीच.

आता यावरून हिशोब करा. एक दिवस गोळी चुकली तर नव्वद टक्के पेशी अजून औषधाखालीच आहेत, घाबरायचं कारण नाही. आठवली की घ्या, दुसऱ्या दिवसाच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. पण आठवडाभर बंद ठेवली तर बहुतेक सगळी फौज नवीन, संरक्षण जवळपास शून्यावर. गोळी बंद केल्यानंतरच्या काही आठवड्यांत स्ट्रोकचं प्रमाण वाढतं हे अभ्यासांत दिसलेलं आहे, आणि अशा वेळी घरचे म्हणतात "अहो पण चार वर्षं तर काही झालं नव्हतं", चार वर्षं काही झालं नाही त्यात त्या गोळीचाही हात होता.

याच कामाचं टिकाग्रेलॉर नावाचं तिसरं औषध असेल तर गणित वेगळं आहे, ते पेशीला कायमचं बंद करत नाही, सोडून देतं, म्हणून ते दिवसातून दोनदा घ्यायचं असतं आणि त्यात खाडा पडला तर परिणाम लवकर उतरतो.

पोटामुळे बंद पडते

हे कारण सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतं. जळजळ, मळमळ, पोटात टोचल्यासारखं, आणि पेशंट स्वतःच ठरवतो की एक दिवसाआड घेऊ. एक दिवसाआड घेऊन पोटाला फार आराम मिळत नाही आणि संरक्षण मात्र कमी होतं, दोन्हीकडून तोटा.

आधी ॲस्पिरिन किती मिलिग्रॅमचं आहे ते बघा. स्ट्रोक परत होऊ नये म्हणून कायम घ्यायचा डोस बहुतेकांना 75 ते 100 मिलिग्रॅम असतो. कोणी घरात पडलेली 300 किंवा 325 ची गोळी संपवत असेल, किंवा दवाखान्यात पहिल्या दिवशी दिलेला मोठा डोसच घरी चालू राहिला असेल, तर पोट कुरकुर करणारच, आणि जास्त डोसने जास्त संरक्षण मिळतं असंही नाही, ब्लीडिंग मात्र वाढतं. उपाशीपोटी घेत असाल तर काहीतरी खाऊन घ्या. दारू आणि सिगारेट दोन्ही पोटाच्या अस्तराला त्रास देतात, गोळी चालू असताना तर जास्तच.

कोटिंगवाल्या ॲस्पिरिनबद्दल खूप गैरसमज आहे. ती गोळी पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळते म्हणून मळमळ थोडी कमी वाटू शकते, पण अल्सरचा आणि ब्लीडिंगचा धोका त्याने जात नाही कारण ॲस्पिरिन रक्तात गेल्यावर पोटाच्या अस्तराचं संरक्षण करणारी रसायनंच कमी करतं, मग ते कुठे का विरघळेना. कोटिंगवाली गोळी चावू नका, कुटू नका. गिळायला त्रास असेल तर साधी, पाण्यात विरघळणारी मिळते, तशी लिहून मागा.

ज्यांना आधी अल्सर झालाय, वय जास्त आहे, किंवा सोबत दुसरी अँटिप्लेटलेट (म्हणजे ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसारखी, प्लेटलेटला चिकटू न देणारी) गोळी, स्टेरॉइड वगैरे चालू आहे त्यांना डॉक्टर ॲसिड कमी करायची गोळी जोडून देतात, तीही रोज घ्यायची, जळजळ झाली तरच घेऊ असं नाही. पण क्लोपिडोग्रेल चालू असेल तर कुठली ॲसिडिटीची गोळी आहे ते नाव वाचा. क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा ते कामाचं नसतं, लिव्हरमधलं सीवायपी2सी19 नावाचं एन्झाइम त्याला कामाचं बनवतं, आणि ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल नेमकं त्याच एन्झाइमच्या आड येतात. पँटोप्राझोलचा हा अडथळा बराच कमी आहे. त्यामुळे कोणी मनाने ओमेप्राझोल आणून खात असेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. ज्यांना वारंवार अल्सर होतो त्यांनी एच पायलोरी या जंतूची तपासणी झालीये का तेही विचारा, तो सापडला तर ठराविक दिवसांच्या औषधांनी जातो आणि मग गोळीही सोसते.

काळ्या शीबद्दल अजून एक, लोहाच्या गोळ्या आणि बिस्मथ असलेली पोटाची औषधं यांनीही शी काळी होते. पण ते आपण घरी बसून ठरवायचं नाही, लोह चालू आहे हे डॉक्टरांना सांगा आणि तपासू दे त्यांना.

पिशवी उलटी करा: डबल डोस आणि लपलेली ॲस्पिरिन

ओपीडीत मी पेशंटला सांगते की घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, आणि टेबलावर ओतून एकेक पट्टी मागून वाचते. मागे, बारीक अक्षरात, कंपनीच्या नावापेक्षा चार पट लहान टाइपात खरं नाव असतं. तिथे काय काय निघतं बघा. एका डॉक्टरने ॲस्पिरिन लिहिलेलं असतं, दुसऱ्याने कोलेस्टेरॉलची म्हणून कॅप्सूल दिलेली असते आणि त्या एकाच कॅप्सूलमध्ये स्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल तिन्ही असतात. किंवा एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या, एक दवाखान्यातून आलेली आणि एक मेडिकलवाल्याने बदलून दिलेली, रंग वेगळा डबी वेगळी म्हणून पेशंट दोन्ही मनापासून रोज घेतोय. मग हातापायावर चट्टे आणि हिरड्यांतून रक्त यायला लागतं आणि सगळा राग गोळीवर निघतो.

पट्टीवर कधीकधी ॲस्पिरिन असं लिहिलेलंच नसतं, ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड असं लिहिलेलं असतं, ते तेच आहे. डोकेदुखीच्या, सर्दीच्या काही गोळ्यांत आणि पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या काही ॲसिडिटीच्या गोळ्यांतही ॲस्पिरिन असतं, म्हणजे ॲस्पिरिनने जळजळ होतेय म्हणून माणूस जे औषध घेतो त्यात परत ॲस्पिरिनच.

पिशवीत अजून दोन गोष्टी शोधा. फिश ऑइल, गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) असल्या कॅप्सूल नैसर्गिक आहेत म्हणून डॉक्टरांना कोणी त्यांचं सांगत नाही, पण रक्तस्रावाच्या बाबतीत त्या भर घालू शकतात. आणि मानसिक आरोग्याच्या काही गोळ्या, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन वगैरे, त्यांनीही ब्लीडिंगची शक्यता थोडी वाढते. स्ट्रोकनंतर नैराश्य खूप जणांना येतं आणि त्याचे उपचार व्हायलाच हवेत, त्यामुळे ती गोळी लपवू नका आणि सोडूही नका, फक्त दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोळ्या माहीत असू द्या.

पट्टीतून काढून डबीत भरून ठेवलेली ॲस्पिरिन असेल तर डबी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर दमट हवेने गोळी मोडायला लागलीये, ती टाकून नवीन घ्या. बाथरूममध्ये किंवा ओट्यावर गोळ्या ठेवू नका.

पेनकिलर

गुडघे दुखतात, कंबर दुखते, आयबुप्रोफेन तर सगळेच घेतात, त्याला काय विचारायचं असं वाटतं. इथेच थांबा. ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या ज्या जागेवर जाऊन बसतं त्याच जागेच्या तोंडाशी आयबुप्रोफेन जाऊन बसतं. आयबुप्रोफेन काही तासांनी उठून जातं, पण ॲस्पिरिन रक्तात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत निम्मं होतं, तेवढ्या वेळात त्याला जागा मिळाली नाही तर त्या दिवसाची गोळी वाया. म्हणजे पेशंट रोज न चुकता ॲस्पिरिन घेतोय आणि तरी संरक्षण मिळत नाहीये. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2006 मध्येच यावर सूचना काढली होती: साधं ॲस्पिरिन घेतल्यावर किमान अर्ध्या तासाने आयबुप्रोफेन घ्या, किंवा आयबुप्रोफेन घेऊन आठ तासांहून जास्त वेळ झाल्यावर ॲस्पिरिन घ्या. कोटिंगवाल्या ॲस्पिरिनला हा अर्ध्या तासाचा हिशोब लावता येत नाही कारण ते नक्की कधी रक्तात जाईल ते ठरलेलं नसतं.

हे झालं एखाद्या दिवसापुरतं. रोज पेनकिलर लागत असेल तर वेळा जुळवत बसू नका, कारण आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन सगळीच पोटातलं ब्लीडिंग वाढवतात, किडनीवर ताण आणतात आणि बीपीही चढवतात, आणि स्ट्रोक होऊन गेलेल्या माणसाचं बीपी चढणं अजिबात परवडणारं नाही. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरं, तेही दिवसाच्या मर्यादेत, लिव्हरचा त्रास असेल किंवा वजन फार कमी असेल तर ती मर्यादा डॉक्टरांना विचारून. गुडघ्याला वरून लावायचं जेल रक्तात फार कमी जातं त्यामुळे तो पर्याय विचारण्यासारखा आहे.

काळंनिळं, घोळणा, दाढीचा काप

थोडं काळंनिळं पडणं हे गोळी काम करत असल्याचा भाग आहे, विशेषतः वयस्कर माणसांत, कातडी पातळ झालेली असते. न लागता मोठे चट्टे उठायला लागले, अंगभर लाल टाचणीएवढे ठिपके आले, लघवी लालसर झाली तर मात्र रक्त तपासायला हवं.

कापलं तर स्वच्छ कापडाने दाबा आणि पूर्ण दहा मिनिटं दाबून ठेवा. लोक दर मिनिटाला उचलून बघतात थांबलंय का, त्याने जमत आलेली खपली परत निघते. लस किंवा इंजेक्शन घेतल्यावर ती जागा दोन-चार मिनिटं जास्त दाबून धरा, चोळू नका. ब्रश मऊ, दाढीला इलेक्ट्रिक मशीन.

नाकाचा घोळणा फुटला की आपल्याकडे डोकं मागे टाकतात, डोक्यावर पाणी मारतात. डोकं मागे टाकलं की रक्त घशात उतरतं, गिळलं जातं, मग उलटी होते आणि सगळे अजून घाबरतात. बसायचं, किंचित पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत घट्ट धरायचा, तोंडाने श्वास, घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटं न सोडता. सारखा फुटत असेल तर बीपी मोजा आणि नाक कोरडं पडत असेल तर सलाईनचे थेंब वापरा.

डेंटिस्ट, ऑपरेशन आणि "आठ दिवस बंद करा"

मला सगळ्यात जास्त काळजी या प्रसंगाची वाटते, कारण इथे गोळी बंद करायला सांगणारा माणूसही पांढऱ्या कोटातला असतो आणि पेशंट निर्धास्त होतो. साधी दाढ काढायला, रूट कॅनालला, दात साफ करायला अँटिप्लेटलेट गोळी सहसा थांबवावी लागत नाही. हिरडीतून रक्त जास्त वेळ येईल, पण ती जागा डोळ्यांसमोर असते, बोळा दाबता येतो, टाका घालता येतो. मेंदूत अडकलेल्या गुठळीला बोळा दाबता येत नाही. डेंटिस्टला आधीच सांगा कुठल्या गोळ्या चालू आहेत, एका वेळी कमी दात काढू दे, आणि अपॉइंटमेंट सकाळची आणि आठवड्याच्या सुरुवातीची घ्या, म्हणजे रक्त परत सुरू झालं तर दवाखाना उघडा असतो. घरी आल्यावर बोळा चावून धरायचा, सारखं थुंकायचं नाही, त्या दिवशी खळखळून गुळण्या नाहीत, स्ट्रॉने पिणं नाही. एकाच वेळी दोन अँटिप्लेटलेट गोळ्या चालू असतील तर डेंटिस्टने आधी स्ट्रोकच्या किंवा हार्टच्या डॉक्टरांशी बोलून घेतलेलं बरं.

मोतीबिंदूलाही बहुतेक वेळा गोळी चालूच ठेवतात. मोठ्या ऑपरेशनचं वेगळं, तिथे क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी, टिकाग्रेलॉर तीन ते पाच दिवस आधी, आणि ॲस्पिरिन थांबवायचंच असेल तर सात दिवस आधी थांबवतात, पण बऱ्याचदा ॲस्पिरिन चालूही ठेवतात. हे आकडे आपण स्वतः वापरायचे नाहीत, सर्जन आणि गोळी सुरू करणारे डॉक्टर एकमेकांशी बोलले का एवढंच बघायचं. हार्टमध्ये स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवलेली जाळीची नळी, असेल तर तर शंभर टक्के बोलायला लावा. स्ट्रोक नुकताच होऊन गेला असेल आणि ऑपरेशन घाईचं नसेल तर ते काही महिने पुढे ढकलता येईल का तेही विचारा.

आणि बंद करायची तारीख सगळे सांगतात, परत सुरू करायची तारीख कागदावर नसते. डिस्चार्ज होताना, पिशव्या भरत असतानासुद्धा, हातातला कागद पुढे करून विचारा, ही गोळी कुठल्या तारखेपासून सुरू, इथे लिहून द्या. ती तारीख नव्हती म्हणून महिनोन्महिने गोळीशिवाय राहिलेली माणसं मी बघितली आहेत.

दोन गोळ्या होत्या, आता किती?

छोटा स्ट्रोक किंवा मिनी स्ट्रोक झाल्यावर सुरुवातीला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही एकदम देतात. 2013 मध्ये चीनमधल्या चान्स नावाच्या मोठ्या अभ्यासात पहिले 21 दिवस दोन्ही आणि नंतर एकच असं देऊन बघितलं, स्ट्रोक कमी झाले आणि ब्लीडिंग फारसं वाढलं नाही. 2018 च्या पॉइंट अभ्यासात दोन्ही 90 दिवस दिल्या, फायदा बहुतेक सगळा सुरुवातीच्या आठवड्यांतच झाला, ब्लीडिंग मात्र वाढलं. आणि त्याआधी 2004 च्या मॅच अभ्यासात दीड वर्ष दोन्ही दिल्यावर क्लोपिडोग्रेल एकट्याच्या तुलनेत नक्की म्हणावा असा फायदा दिसला नाही आणि जिवावर बेतणारं ब्लीडिंग वाढलं. म्हणून दोन गोळ्यांचा काळ ठरलेला असतो, बऱ्याच जणांना तीन आठवडे, मेंदूतली मोठी रक्तवाहिनी अरुंद असेल तर तीन महिन्यांपर्यंत.

घरी होतं काय, एक तर तीन आठवड्यांनी दोन्ही बंद होतात किंवा दोन्ही वर्षानुवर्षं चालू राहतात, कारण जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच औषधं परत येत राहतात. तुमच्या घरी दोन्ही चालू असतील तर डिस्चार्जचा कागद शोधा आणि फोन करा, एक बंद करायची होती का, कोणती, कधी. परत स्टेंटवाल्यांचं गणित वेगळं, तिथे हार्टच्या डॉक्टरांशिवाय हात लावायचा नाही.

बाकीच्या छोट्या पण नेहमीच्या अडचणी

टिकाग्रेलॉर सुरू झाल्यावर दम लागल्यासारखं वाटतं, हा त्या औषधाचा माहीत असलेला त्रास आहे, बऱ्याच जणांचा कमी होतो, पण दम लागणं आपण स्वतः औषधावर ढकलायचं नाही, दाखवायचं. डायपिरिडामोल हे याच गटातलं आणखी एक औषध असेल तर सुरुवातीला डोकं दुखतं, ते सहसा काही दिवसांत ओसरतं.

"आयएनआर नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली" किंवा "आयएनआर कधी करायचा" हे वारंवार ऐकते. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी तपासणी, आणि ती वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या वेगळ्या प्रकारच्या औषधाची आहे. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलला रोजच्या वापरात तसली तपासणी लागत नाही आणि वॉरफरिनचं पथ्यही इथे लागू नाही. तसंच हृदयाचे ठोके अनियमित असतील, एट्रियल फिब्रिलेशन सांगितलं असेल, तर स्ट्रोक टाळायला सहसा वॉरफरिन किंवा अपिक्साबानसारखं औषध लागतं, तिथे एकट्या ॲस्पिरिनवर विसंबणं कमी पडतं. तसलं औषध आणि ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल दोन्ही एकदम चालू असेल तर ते मुद्दाम दिलंय की चुकून राहिलंय हे विचारून घ्या.

गोळी चालू असताना स्ट्रोक झाला की घरचे म्हणतात औषधाचा उपयोग नाही. तेव्हा शोधायच्या गोष्टी बऱ्याच असतात: गोळी खरंच रोज जात होती का, मधे पेनकिलर होतं का, मानेची रक्तवाहिनी अरुंद आहे का, ठोके अनियमित आहेत का, बीपी आणि शुगर कुठे आहे. क्लोपिडोग्रेलवर असाल तर लिव्हरचं ते एन्झाइम काही जणांत जन्मतःच मंद असतं, आशियाई वंशाच्या लोकांत हे जास्त आढळतं, त्याची जनुकीय तपासणी असते आणि दुसरं औषध देता येतं.

बीपीचं वेगळं सांगते. अँटिप्लेटलेट गोळीचा सगळ्यात वाईट धोका म्हणजे मेंदूतलं ब्लीडिंग, आणि तो कमी करायचा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे बीपी आटोक्यात ठेवणं, बहुतेकांना 130/80 च्या खाली. बीपीची गोळी सोडून ॲस्पिरिन घेत राहणं धोक्याचं आहे.

आणि कधीच स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक न झालेल्या घरातल्या बाकीच्यांनी सोबत म्हणून ही गोळी सुरू करू नका. 2018 मध्ये ॲस्प्री नावाचा अभ्यास आला, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले 19 हजारांहून जास्त निरोगी ज्येष्ठ लोक होते, रोज 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेऊन त्यांची निरोगी वर्षं वाढली नाहीत, मोठं ब्लीडिंग मात्र वाढलं. आजोबांना ज्याने फायदा आहे त्याने आजींना नुकसान होऊ शकतं.

शेवटची अडचण पट्टी संपण्याची. सुट्टी आली, प्रवास निघाला, मेडिकलमध्ये तीच कंपनी नव्हती, आणि चार दिवसांचे दहा कधी झाले कळलंच नाही. पट्टीत सात गोळ्या राहिल्या की पुढची आणायची असं ठरवून टाका, कंपनी बदलून मिळाली तर मागचं नाव आणि मिलिग्रॅम जुन्या पट्टीशी जुळवून घ्या, आणि जुनी पट्टी तेव्हाच घरातून काढून टाका. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: गोळीचं नाव, मिलिग्रॅम, कशासाठी चालू आहे, कधीपासून, स्टेंट आहे का, डॉक्टरांचा नंबर. रस्त्यात पडलात आणि बोलता आलं नाही तर इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच हवं असतं.